आख्यान अर्ध्यावर

निर्जला एकादशी सोडायला कुमुदनं वरणभाताचा कुकर लावला, तेव्हा पृथ्वीच्या पार पलीकडे रात्र पडली होती आणि ब्रिटिश कोलंबियातल्या मतपेट्या नुकत्याच उघडल्या होत्या. इथं सिंगापुरात, चोआ चू कांगला ऊन मी म्हणत होतं. खालच्या बाकांवर एरवी बसणाऱ्या चिनी म्हाताऱ्या आज सावलीला पळाल्या होत्या.

सुबोधनं तांजोंग पगारच्या ऑफिसात रजा टाकली होती. धाकट्या भावाच्या निवडणुकीसाठी नव्हे, बाबांना सांभाळायला, असं तो सकाळपासून दोनदा बोलून चुकला होता. फोन त्यानं टीपॉयवर मधोमध आणून ठेवला होता आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरचं बटण दाबून पाहिलं होतं.

"आजोबा, नॉट ओव्हर येट, ला," किमया सोफ्यावर पाय दुमडून म्हणाली. तिच्या शाळेला सुट्टी लागली होती. "डॅड म्हणतो अजून दोन तास लागतील."

"लागू देत," शामकांत म्हणाले. "जहाज बंदराला लागेपर्यंत इंजीन रूममधून कुणी वर येत नसतं."

ते देवापाशी बसून संध्याकाळच्या आख्यानाच्या साक्या घोळवत होते. जन्म गेला बोटीच्या पोटात, चीफ इंजिनिअर म्हणून, पण गळा कीर्तनकाराचा. हर्णैच्या मामांकडून लहानपणी उचललेलं कीर्तन त्यांनी सात समुद्रांवरून फिरवलं आणि निवृत्तीनंतर मुलाच्या या फ्लॅटमध्ये आणून उभं केलं. महिन्यातल्या एका संध्याकाळी फर्निचर भिंतीला लागायचं, सतरंजी पसरायची, आणि सिंगापुरातली पंचवीसतीस मराठी माणसं देवाचं नाव ऐकायला यायची. बंदरावरचे इंजिनिअर, पुण्याहून नव्यानं आलेली कॉम्प्युटरवाली पोरं, त्यांच्या बायका. पेटीवर कुमुद. चाळीस वर्षं त्यांच्या मागे तीच.

आजचं आमंत्रण शामकांतांनी आधीच देऊन ठेवलं होतं. "निकाल काहीही लागो, देवापुढं उभं राहायचं ते राहायचंच."

"तरी पण आख्यान कुठलं?" कुमुदनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"वामनाचं. पुन्हा. मंदारचा विजय त्याच आख्यानाला वाहायचा."

सुबोधनं चटकन मान वर केली आणि तितक्याच चटकन खाली घातली. कुमुदला ते दिसलं. त्या वेळी अर्थ लागला नाही.

चैत्रात याच खोलीत वामनाचं आख्यान रंगलं होतं. बळीराजा दान द्यायला उभा, समोर इवलासा बटू, मागणं तीन पावलं जमिनीचं. कीर्तनकार म्हटला की वेळेवर सुचेल ते घालतो, त्याशिवाय श्रोता डुलत नाही. शामकांत थांबले, उपरणं सावरलं आणि म्हणाले, "आमचा मंदारही तिकडं कॅनडात उभा आहे बरं का! मागतोय किती? तीनच पावलं जागा! एकदा पाऊल टेकू द्या, मग बघा माझा बटू केवढा होतो ते!" खोली हसण्यानं भरून गेली होती. टेप चालू होता. ती कॅसेट कुमुदनंच मंदारला धाडली आणि मंदारनं कौतुकानं तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात लावली. नदीकाठचं लाकूडगिरण्यांचं गाव ते, आणि गावात मंदारचं औषधांचं दुकान. खोकला झाला की गोरा काय नि काळा काय, सगळे त्याच्याकडेच यायचे. त्याच भरवशावर तो विरोधी पक्षाकडून उभा राहिला होता.

पहिला फोन आला तेव्हा कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या होत्या. मंदारची बायको स्मिता ओरडतच होती. "आई, पुढे आहे तो! थोडाच, पण पुढे आहे!"

शामकांतांनी देवापुढची साखर सगळ्यांच्या हातावर ठेवली. किमयाला जरा जास्त. सुबोधची बायको संजीवनी हसत म्हणाली, "बाबा, आता वहिनीसाहेब म्हणावं लागणार स्मिताला." सुबोधनं साखर तोंडात टाकली नाही. ती मुठीत धरून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

नंतर फोन गप्प झाला. वरणभात निवला. कुमुदनं पानं मांडली आणि पुन्हा झाकून ठेवली. बाराच्या ठोक्यानंतर कधीतरी सुबोधनं ऑफिसातल्या कुणालातरी फोन लावून बातमी काढली. त्या देशाचं गणितच निराळं. मंदारच्या पक्षाला प्रांतभर मतं जास्त पडली होती, पण जागा कमी मिळाल्या होत्या. सरकार जुनंच राहणार होतं.

"म्हणजे लोकांनी ओंजळभर दिलं आणि हातात काहीच पडलं नाही," शामकांत म्हणाले. "असो. मंदारची जागा आली की झालं."

तेवढ्यात फोन वाजला. किमयानं बटण दाबलं.

"आई..." स्मिताचा आवाज ओळखू येत नव्हता. "हरला."

कुमुदनं देवाकडे पाहिलं. काल दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नव्हता, त्याची आठवण देवाला द्यावीशी वाटली आणि लगेच लाजही वाटली.

"अगं, हारजीत चालायचीच," ती म्हणाली. "पुढच्या वेळी—"

"पुढची वेळ नाहीये, आई! बाबा जवळ नाहीत ना? त्यांना सांगू नका हं. त्या कॅसेटनं घात केला. ती तीन पावलं! मंडळात मागच्या रांगेत याचे दोन गोरे कार्यकर्ते बसले होते. आपल्यातल्याच कुणीतरी हौसेनं त्यांना इंग्रजीत सांगितलं. आठवडा नाही गेला तोच समोरच्या पक्षाच्या पत्रकावर छापून आलं. उमेदवाराचे वडील म्हणतात, आधी पाऊल ठेवू द्या, मग सगळं आमचंच!"

कुमुदचा हात बटणाकडे गेला. शामकांतांनी तो मध्येच धरला. अलगद, पण धरला.

"बोलू दे तिला," ते ओठांनीच म्हणाले.

"मग यानं पेपरवाल्यांना सांगितलं," स्मिता हुंदके देत बोलतच होती, "की माझे वडील म्हातारे आहेत, त्यांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं, त्यांचं बोलणं कुणी मनावर घेऊ नका. झालं! गोऱ्यांचं समाधान झालंच नाही आणि आपली माणसं उलटली. दारोदार फिरणारी पोरं सगळी आपली होती, आई. दुसऱ्या दिवसापासून एक आलं नाही. दुकानासमोरून जाताना मान फिरवतात. परवा मंडळाच्या अध्यक्षांनी याला तोंडावर विचारलं, धडधाकट बापाला वेडा ठरवताना जीभ झडली नाही का रे तुझी? निवडणूक गेली तर गेली हो, पण या गावात आता कुणाच्या दारात उभं राहायचं आम्ही?"

पलीकडे खडखड झाली. मंदारचा आवाज आला. "स्मिता, अगं फोन स्पीकरवर आहे त्यांचा... बाबा? बाबा, तुम्ही आहात?"

"आहे."

ते फोनकडे सरकले.

"जेवलास का?" शामकांतांनी विचारलं.

"नाही."

"जेव आधी."

"बाबा, मी ते..."

"ठेव आता. माणसं थांबली असतील तुझी."

"कुणी नाही थांबलेलं, बाबा."

शामकांतांनी बटण शोधलं, चुकून आवाजाचं दाबलं, मग बरोबर सापडलं. फोन बंद झाला.

"बट आजोबा इज नॉट लाइक दॅट, व्हॉट," किमया रडवेली झाली. "काकानं असं का सांगितलं?"

संजीवनी नवऱ्याकडे पाहत होती. "सुबोध, तुला हे ठाऊक होतं."

"हो."

"आणि घरात एका शब्दानं बोलला नाहीस?"

"मीच सांगितलं होतं त्याला तसं म्हणायला!" सुबोध उसळला. "रात्री दोनला फोन आला होता त्याचा. काय करू म्हणून विचारत होता. मी म्हटलं, वयावर ढकल, लोक विसरतील. डॅमेज कंट्रोल म्हणतात त्याला. बाबांना कुठं कळणार होतं? आणि कॅसेट कुणी पाठवली? मी?"

"आईंवर ढकलू नकोस आता."

"मी कुणावर ढकलत नाहीये, संजू. पण या घरात मंदार म्हणजे अवतारी पुरुष आणि मी म्हणजे रजा घेऊन फोन मांडणारा! सल्ला माझा, निस्तरायचं मी."

"पुरे," कुमुद म्हणाली. कॅसेट तिनंच पाठवली होती, हे खरंच होतं. स्वतःच्या हातानं वेष्टन शिवलं होतं, वर गंधाचं बोट लावलं होतं.

शामकांत पानावर येऊन बसले. चित्राहुती घातली. एकादशी सोडायची म्हणून चार घास खाल्ले आणि उठले.

दुपारी ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. कुमुद पायथ्याशी बसली.

"आज नका उभे राहू. मी फोन करते सगळ्यांना, बरं नाही म्हणून सांगते."

"लोक येतील."

"मग दुसरं आख्यान लावा. ते नको."

"तेच," ते म्हणाले. त्यांनी कूस बदलली. "मी बळीची थट्टा केली नव्हती गं. बळीसारखा दाता नाही. त्या माणसांना मी बळी म्हटलं. याहून मोठा मान मला देता येत नाही कुणाला."

"मला कळतंय हो ते."

"त्यांना कसं कळावं?" ते छताकडे पाहत राहिले. "मनोहर येतोय ना आज?"

"येणार. शनिवारी निघतोय तो, व्हँकुव्हरहून पुढं मंदारच्याच गावी, बहिणीकडे. मंदारसाठी मेतकूट द्यायचंय त्याच्यापाशी."

मनोहर म्हणजे शामकांतांच्या हाताखाली तयार झालेला, आता स्वतः चीफ. तिथल्या मंडळाचे अध्यक्ष हे त्याचेच मेहुणे.

"त्याला पुढं बसव," शामकांत म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी सतरंजी भरली. निकालाची बातमी सगळ्यांना लागली होती, त्यामुळे माणसं दबकत येत होती, चपला काढतानाही आवाज होऊ देत नव्हती. मनोहर वाकून पाया पडला. "साहेब, फार वाईट झालं."

"देवाची मर्जी. बस, पुढं बस."

पांढरं धोतर, अंगरखा, पगडी, खांद्यावर उपरणं. शामकांत उभे राहिले आणि कुमुदनं काळी चारचा स्वर धरला. नमन झालं. पूर्वरंगाला त्यांनी दानाचं निरूपण घेतलं. आणि काय सांगावं, असा पूर्वरंग तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता! देणाऱ्याला आपण काय दिलं हे आठवलं तर ते दान उष्टं झालं, असं ते म्हणाले तेव्हा भिंतीला टेकलेला सुबोध सरळ होऊन बसला. आवाजाला वय नव्हतं. नामाच्या गजराला कॉम्प्युटरवाली पोरंही टाळ्या धरत होती. संजीवनीनं मध्यंतराला हार घातला, बुक्का लावला. कुमुदला वाटलं, देवानं दुपारचं दुःख पुसून घेतलं. भगवंताच्या नावात तेवढी ताकद आहे, हे तिनं जन्मभर मानलं होतं.

उत्तररंग सुरू झाला. यज्ञमंडप उभा राहिला, बटू दारात आला, बळीनं संकल्पाचं पाणी सोडायला झारी उचलली. आता साकी यायची होती. शामकांतांनी पहिली ओळ म्हटली. मग तीच पुन्हा म्हटली. मग तिसऱ्यांदा.

दुसरी ओळ आली नाही.

कीर्तनकार थबकला तर पेटीवाल्यानं हळूच शब्द द्यायचा असतो. श्रोत्यांना पत्ताही लागत नाही. कुमुदला आख्यान त्यांच्याइतकंच पाठ होतं. ती शब्द द्यायला पुढं झुकली, आणि तेवढ्यात त्यांचा उजवा हात कमरेपाशी खाली आला, पंजा जमिनीकडे. चाळीस वर्षांत त्या दोघांच्या दोनच खुणा होत्या. बोटं वर उचलली तर शब्द दे. पंजा खाली केला तर नुसता स्वर धर, शब्द देऊ नकोस.

पंजा खाली होता.

तिला काही कळेना. तिनं स्वर धरला. शामकांत खोलीभर नजर फिरवत होते, हरवलेल्या माणसासारखी. "बळीनं... बळीनं झारी घेतली," ते म्हणाले. "आणि मग... कोण होतं ते? कुठवर आलो होतो मी?"

कुणीतरी खाकरलं. तबल्यावरच्या प्रतापचा हात अडखळला.

"बाबा, शुक्राचार्य," संजीवनी पुटपुटली.

"हां. नाही... तो नव्हे." त्यांनी सुबोधकडे पाहिलं. "मंदार, ती झारी दे रे इकडं. कधीची मागतोय."

सुबोधचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, मी सुबोध."

"मंदार, उन्हात नको जाऊस, म्हटलं ना तुला?"

कुमुदची नजर खाली गेली. धोतराखाली त्यांचा डावा पाय ठेका देत होता. तबला चुकला होता, खोली गोंधळली होती, पण तो पाय समेवर समेवर अचूक पडत होता, जसा कायम पडायचा. विसरलेल्या माणसाचा पाय असा पडत नाही. तिनं वर पाहिलं. ते तिच्याकडे पाहत नव्हते. ते मनोहरकडे पाहत होते, आणि मनोहरच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं.

तेव्हा तिला सगळं उमगलं. भात्यावरचा हात थांबेल की काय असं वाटलं.

शब्द तिच्या ओठांशी होता. नुसता गुणगुणला असता तरी पुरे होतं. आख्यान सुटलं असतं, बळीच्या मस्तकावर पाऊल पडलं असतं, देव त्याच्या दारी राखणीला उभा राहिला असता आणि खोली गजरानं दुमदुमली असती. तिचा नवरा पुन्हा तिचा नवरा झाला असता. आणि तिकडं नदीकाठच्या गावात तिचा मुलगा बापाची खोटी निंदा करणारा म्हणून जन्मभर मान खाली घालून दुकान उघडत राहिला असता.

तिनं ओठ मिटले आणि स्वर धरून ठेवला.

आरती संजीवनीनंच म्हटली. शामकांत पाटावर बसून होते, हार गळ्यात तसाच. सुबोधनं खाली बसून त्यांच्या हातात पाण्याचं भांडं दिलं आणि एखाद्या लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश, मोठ्यानं म्हणाला, "बाबा, पाणी. पा-णी. घ्या." मग तो कुमुदकडे वळला. "मला वाटलं मी खोटं सुचवतोय, आई. मला काय ठाऊक..."

"उद्या डॉक्टरांकडे नेऊ या," संजीवनी म्हणाली.

"नेऊ या," शामकांत आज्ञाधारकपणे म्हणाले.

किमया आजोबांच्या गुडघ्याला बिलगून रडत होती. त्यांचा हात तिच्या डोक्यावरून फिरायला उचलला गेला आणि अर्ध्यातून मांडीवर परत आला. आज त्यांना कुणाची आसवं ओळखायची नव्हती.

माणसं प्रसाद घेऊन, न बोलता पांगली. लिफ्टपाशी बायका हळहळत होत्या. मनोहर मागे राहिला. मेतकुटाची पुडी हातात धरून तो दारात घुटमळला.

"वहिनी, एक विचारू? रागावू नका." तो आवाज खाली आणून म्हणाला. "तिकडं आमच्या भाऊजींनी मंदारला फार बोल लावलेत. मीही मनात शिव्याच घातल्या त्याला. ज्या माणसानं मला तेलाच्या वासावरून बिघाड ओळखायला शिकवलं, त्याला हा पोरगा वेडा म्हणतो! पण आज... हे कधीपासून आहे?"

कुमुदच्या कपाळावर बुक्का होता. देवापुढची समई तेवत होती. कीर्तनाच्या जागेवर ती आजवर कुणाशी खोटं बोलली नव्हती. त्या जागेवर बोललेलं थेट वर ऐकू जातं, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं होतं. मागे पाटावर शामकांत बसलेले होते. भांडं ओठाला लावलं होतं, पण घोट घेण्याचा आवाज येत नव्हता.

"बरेच महिने झाले, भाऊजी," ती म्हणाली. "मंदारला आम्हीच सांगितलं होतं. तो खरं तेच बोलला."

मनोहरनं मान डोलावली, पुडी नीट पिशवीत ठेवली. "सांगतो मी तिकडं. सगळ्यांना सांगतो. साहेबांना जपा. आणि वहिनी, आता त्यांना उभं करू नका पुन्हा. बघवत नाही."

"नाही करणार."

लिफ्टचं दार लागलं. तेव्हा कुठं मागून पाणी घशाखाली उतरल्याचा आवाज आला.

कुमुद परत आली. सुबोध आणि संजीवनी सोफा जागेवर ढकलत होते. ती शामकांतांच्या समोर बसली आणि त्यांच्या डोक्यावरची पगडी दोन्ही हातांनी उचलून घेतली. घामानं कडा ओली झाली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच सरळ, ओळखीचं पाहिलं, आणि सुबोध वळल्याबरोबर नजर पुन्हा लांब कुठेतरी सोडून दिली.

"अहो, चला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हात धरा माझा. खोली इकडे आहे."